दुलईचं घराणं

४ मार्च

प्रिय मावशी,

तुला नमस्कार, काकांना नमस्कार, आणि दुलई नि शाल या तुझ्या कुत्र्या मायलेकींच्या कानामागे माझ्या वतीने जरा खाजव.

महिन्याचं पत्र या खेपेला तीन दिवस उशिरा जातंय. मफलरचं पिल्लू घेताना तुझ्या कागदावर सही केली होती, ती विसरलेले नाही. दर महिन्याच्या एक तारखेला पत्र, फोन नाही. तुला फोनवर ऐकू येत नाही हे एक, आणि फोनवर माणसं 'सगळं छान' म्हणून मोकळी होतात हे दुसरं. दुकानात काम फार होतं, एवढंच.

आज जरा वशिला लावायला लिहितेय. माझ्या दुकानात एक वकीलबाई काळ्या कोटाच्या बाह्या आखूड करायला आल्या होत्या. कापायच्या टेबलाखाली मफलर झोपली होती. आधी त्यांना वाटलं कोल्हा आहे. ती उठून उभी राहिली तेव्हा म्हणाल्या अस्वल. मग तिने जांभई दिली, आतली निळी जीभ दिसली, तर म्हणाल्या, "अगंबाई, हिला काही झालंय का?" मी सांगितलं, युरेशियर आहे, स्पिट्झच्या कुळातली, कान उभे, शेपटी पाठीवर, जीभ अशीच असते. मफलरने त्यांच्याकडे नेहमीसारखं ढुंकूनही पाहिलं नाही. त्यावरच बाई भाळल्या. "किती मानी आहे हो!" म्हणत तासभर बसल्या. कोट परत नेला तेव्हा केसांनी तो निम्मा मफलरचा झाला होता, पण एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांना जूनमध्ये मुलीच्या वाढदिवसाला अस्संच पिल्लू हवंय. देशील का?

सासूबाई बऱ्या आहेत. मफलरशी दिवसभर बोलतात आणि माझ्या तक्रारी तिला सांगतात. मफलर मजेत आहे. जरा दमल्यासारखी वाटते, हवा बदलतेय ना.

तुझी
टाचणी


१२ मार्च

टाचणे,

तुझ्या वकीलबाईंना सांग, नाही.

वाढदिवस एका दिवसाचा असतो, कुत्रं बारा-चौदा वर्षांचं. खरंच हवं असेल तर त्यांनी मला स्वतः लिहावं, मग मी प्रश्न पाठवीन. घर दिवसातून किती तास रिकामं असतं? वर्षातून दोनदा हिचे केस गळतात तेव्हा झाडू कोणाच्या हातात असणार? आणि घरात 'कुत्रं नको' म्हणणारं माणूस कोण? मला त्याच्याशी बोलायचं असतं. तुझ्या घरी आले तेव्हा तुझ्याशी दहा मिनिटं बोलले आणि तुझ्या सासूबाईंशी दीड तास. हो म्हणणारे सगळेच हो म्हणतात, त्यात मला काय कळणार? 'नको' म्हणणारीने शेवटी विचारलं, "बाई, एकटी राहिली तर रडते का हो ही?" तेव्हाच मी मफलर तुम्हाला द्यायचं ठरवलं. ही जात माणसाला चिकटून राहणारी आहे. साखळीला बांधली, आवारात ठेवली, की आतून सुकते.

काका म्हणतात, मी पिल्लू देत नाही, मुलगी देते. म्हणू देत.

आता एक आनंदाची बातमी. शालच्या कमरेचा एक्स-रे आला, उत्तम आहे. गुडघे उत्तम, डोळे उत्तम, थायरॉइड उत्तम. तिचं एक वेत घ्यायचं ठरवलंय. हे माझं शेवटचं. चौदा वर्षांत चार वेतं झाली, दोन रजईची, दोन तिच्या लेकीची, म्हणजे दुलईची. तेवीस पिल्लं. लोक एवढी दोन वर्षांत काढतात. मोजणी खात्यात नकाशे काढण्यात माझा जन्म गेला, तेव्हा घराण्याचा तक्ताही मी नकाशासारखाच काढलाय, शाईने, एकही खाडाखोड नाही. आजाराच्या रकान्यात काय आहे माहीत आहे? म्हातारपणाखेरीज काही नाही. चार वर्षांपूर्वी एका बसचालकाने दुलईच्या पहिल्या वेतातलं त्याचं कुत्रं थरथरतं म्हणून लिहिलं होतं. उन्हात ठेवलं असणार. मी चांगलं खडसावलं, पुन्हा तक्रार आली नाही.

हे वेत झालं की तक्ता, वही आणि त्यातली एक मादी तुझ्याकडे यावी असं माझ्या मनात आहे. तुझा हात आणि नजर दोन्ही बारीक आहेत. आत्ताच उत्तर देऊ नकोस.

मावशी


३० मार्च

प्रिय मावशी,

तुझं पत्र सासूबाईंना वाचून दाखवलं. "मी नको म्हणत होते हे त्यांनी अजून लक्षात ठेवलंय होय!" म्हणून लटक्या रागाने आत गेल्या, आणि मफलरला सांगत बसल्या की तू माझ्यामुळे इथे आहेस.

वकीलबाईंना तुझं 'नाही' सांगितलं. वाटलं, फणकारतील. त्या म्हणाल्या, "नाही म्हणणारी बाई आहे ना, मग मी तिलाच लिहिणार." तुझ्या नावाचा असा दरारा आहे. खरं सांगू, मी जिथे जाते तिथे तुझीच टिमकी वाजवते. आमच्या गल्लीत चार जणांकडे कुत्री आहेत, कुणालाच आपल्या कुत्र्याची आई माहीत नाही. मला मफलरची पणजी माहीत आहे. बाल्कनीच्या गजांमधलं अंतर तू मापाची फीत लावून मोजलंस तेव्हा मी मनात हसले होते. आता मीच कुणाच्या घरी गेले की नकळत गज मोजते.

तू जे शेवटी लिहिलंस ते वाचून हातातली सुई खाली ठेवली. उत्तर देऊ नकोस म्हणालीस म्हणून देत नाही.

एक विचारायचं होतं. माझ्या एका गिऱ्हाईकाच्या कुत्रीला मध्यंतरी एकदा, खरं तर दोनदा, काहीतरी झालं. आडवी पडली, पाय ताठ झाले, सायकल चालवल्यासारखे हलले, तोंडाला थोडा फेस आला. मिनिटभरच. मग उठली, थोडी भेलकांडली, पाणी प्यायली, पूर्ववत झाली. उन्हाने असं होतं का? काळजीचं काही असतं का? त्यांना सांगायचंय म्हणून विचारते.

इथे ठीक.

टाचणी


८ एप्रिल

टाचणे,

तुझ्या गिऱ्हाईकाला सांग, ही फिट आहे. उन्हाने पडलेलं कुत्रं असं सायकल चालवत नाही.

एकदा झाली तर कारणं अनेक असतात. काही विषारी पोटात गेलं, साखर उतरली, यकृत बिघडलं. डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्यायचं. सगळं स्वच्छ निघालं आणि महिन्याच्या आत दुसरी आली, तर बहुधा ते रक्तातूनच आलेलं असतं. फिट येते तेव्हा तोंडात हात घालायचा नाही, जीभ गिळत नाहीत ती. आजूबाजूच्या टोकदार वस्तू हलवायच्या, दिवा मालवायचा, घड्याळ बघायचं. पाच मिनिटांवर गेली तर ताबडतोब दवाखाना गाठायचा. तारीख, वेळ, किती मिनिटं, सगळं लिहून ठेवायचं.

आणि सगळ्यात मुख्य म्हणजे, ज्याच्याकडून कुत्री आणली त्याला त्याच दिवशी कळवायचं. तो तिच्या बहिणीचं वेत काढायच्या तयारीत असेल, काय सांगावं! माणसं हे करत नाहीत. मग एका कुत्र्याचा आजार चाळीस घरांत जातो. तुझ्या गिऱ्हाईकाने असं केलं नसेल तर त्याला माझ्यातर्फे कान धरून सांग.

आपल्याकडे असलं काही नाही, म्हणून मी रात्री सुखाने झोपते.

शाल माजावर आली आहे. रक्त तपासून डॉक्टरांनी दिवस काढून दिला, एकवीस तारीख. नराचे मालक, ते दंतवैद्य, आपल्या पंतोजीला घेऊन येणार आहेत. काय देखणा नर आहे, आणि स्वभावाने नावासारखाच, सगळ्यांना शिस्त लावतो! मी आठवडाभर खोली धुतेय. काकांची लुडबुड चालू आहे.

तुझी मफलर कशी आहे ते तू या पत्रात लिहिलंच नाहीस. एवढी कसली घाई होती?

मावशी


१९ एप्रिल
(कुरियरने)

मावशी,

ते गिऱ्हाईक मी आहे.

पहिली फिट १ मार्चला, दुपारी सव्वातीनला, दुकानात, टेबलाखाली. मी पँटच्या कडा दुमडत होते. आधी कात्री पडल्याचा आवाज आला असं वाटलं, ते तिचं डोकं टेबलाच्या पायावर आपटत होतं. किती वेळ होती ते मी पाहिलं नाही, मी तिला धरून बसले होते. दुसरी २७ मार्चला, सकाळी सातला, स्वयंपाकघरात, एक मिनिट दहा सेकंद. तिसरी परवा, १७ एप्रिलला, सकाळी सहा वीसला, एक मिनिट पस्तीस सेकंद. रक्त तपासलं. सगळं स्वच्छ आहे. हे 'स्वच्छ' ऐकून मी दवाखान्यात रडले, कारण तुझं पत्र तोवर वाचलेलं होतं.

का नाही सांगितलं? सासूबाई म्हणाल्या, "त्या म्हाताऱ्या जिवाला कशाला घोर लावायचा, एकदाच तर झालंय." पण त्यांच्यावर ढकलत नाही. मला हेच ऐकायचं होतं. तुझ्या तक्त्यात एकही डाग नाही, आणि पहिला डाग माझ्या घरातून जावा हे मला सहन होईना. तू मला वही देणार म्हणालीस, त्यानंतर तर तोंडच उघडेना. तुझी आठ तारखेची चिठ्ठी अकराला मिळाली. त्यात शालची तारीख होती. तरी मी आठ दिवस बसून राहिले, मावशी. म्हटलं, दोनच तर झाल्यात. परवाच्या तिसऱ्या वेळी मफलर उठली, मला ओळखेना, भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग ओळखलं आणि माझा हात चाटला. त्यानंतर मला लिहिल्याशिवाय राहवेना.

काकांना फोन करावा असं तीनदा मनात आलं. पण हे सहीनिशी तुझ्या हातात पडायला हवं. एकवीसच्या आत पोचेल असं कुरियरवाला म्हणतोय.

शाल तिची सख्खी बहीण आहे.

तुझ्या शिव्या मी उभी राहून वाचीन.

टाचणी


२४ एप्रिल

टाचणे,

तुझं पत्र एकवीस तारखेला सकाळी साडेदहाला आलं. दंतवैद्य पावणेदहाला पोचले होते, आदल्या दिवसापासून सात तास गाडी चालवून. पंतोजी अंगणात शालभोवती फेऱ्या मारत होता. काकांनी चहा टाकला होता. कुरियरवाल्याच्या कागदावर सही करून मी पाकीट दारातच फोडलं. तुझं अक्षर इतकं वाकडं कधी नसतं.

दोनदा वाचलं. मग शालच्या गळ्यात पट्टा घातला, तिला मागच्या खोलीत नेलं आणि दार लावलं. दंतवैद्यांना वाटलं, काही तयारी राहिलीय.

"डॉक्टर, चहा घ्या आणि मला माफ करा," मी म्हणाले. "हे होणार नाही."

"म्हणजे उद्या?"

"म्हणजे कधीच नाही."

मी पत्र त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाले, "अहो, पण फिट बहिणीला आहे. शालच्या पिल्लांना येईलच असं कोण म्हणतं?"

"कुणी नाही. येणार नाही असंही कुणी म्हणत नाही."

"बाई, सात तास गाडी हाकलीय मी. आणि हे अजून कुणाला कळलंय तरी का?"

"मला कळलंय," मी म्हणाले. "आता मी काय करू?"

त्यांनी पत्र टेबलावर पसरलं. मग चहा संपवला, खिशातून डायरी काढली आणि तुझ्या तिन्ही तारखा उतरवून घेतल्या. रागावूनच गेले, पण जाताना म्हणाले, "माझ्या पंतोजीच्या भावंडांच्या घरी मी गेल्या दोन वर्षांत फिरकलो नाही. आता जातो." माणूस भला आहे.

आता तुझं. सात आठवडे, टाचणे! एक दिवस उशीर झाला असता तर दोन महिन्यांनी माझ्या मागच्या खोलीत सहा-सात पिल्लं असती, आणि त्यातलं कुठलं कधी कुठल्या टेबलाखाली पडेल हे मला मरेपर्यंत कळलं नसतं. मी रागावलेली आहे. हा राग लवकर जाणारा नाही, त्याला घाई करू नकोस.

पण उशीर झाला नाही, हेही खरं आहे. तुझ्या जागी मी असते तर सख्ख्या माणसाला असं पत्र लिहायचं धैर्य मला झालं असतं का, याचा विचार तीन दिवस करतेय.

मफलरला गोळ्या सुरू करायच्या का ते डॉक्टर ठरवतील. सुरू झाल्या तर एकही वेळ चुकवायची नाही, मनाने बंद तर मुळीच करायच्या नाहीत. नीट सांभाळलं तर ती म्हातारी होईल. कमी लाडाची करू नकोस तिला.

मावशी


२ मे

प्रिय मावशी,

गोळ्या सुरू झाल्या. सकाळी सात, संध्याकाळी सात. सासूबाईंनी ते काम माझ्याकडून काढून घेतलंय, "गिऱ्हाईक आलं की तुझ्या हातून चुकेल" म्हणतात, आणि बरोबर म्हणतात. पहिले चार दिवस मफलर झिंगल्यासारखी चालत होती आणि सारखी खायला मागत होती. आता ठीक आहे. काल वकीलबाई आल्या तर तिने पुन्हा पाठ फिरवली. इतकं बरं वाटलं मला!

तू अंगणातून शालला नेऊन दार लावलंस ते मी दिवसातून दहादा डोळ्यांसमोर आणते. चौदा वर्षांचं काम, शेवटचं वेत, दारात आलेला नर, आणि तू चहासुद्धा थांबवला नाहीस. असं वागणारं माणूस माझी मावशी आहे याचा मला अभिमान वाटतो, आणि तो वाटतो तितकीच माझी मला लाजही वाटते.

राग असू दे. मी वाट बघते.

टाचणी


२८ मे

टाचणे,

हे पत्र मोठं होणार, बसून वाच.

तेविसातली एकोणीस कुत्री आज हयात आहेत. माझ्याकडची दोन नि तुझी एक सोडली तर सोळा घरं. सगळ्यांना लिहिलं. मफलरला फिट येतात, तारखा या. तुमच्या कुत्र्याला असं कधी काही झालं असेल तर कळवा, मी रागावणार नाही. 'मी रागावणार नाही' हे शब्द काकांनी घालायला लावले. मी म्हटलं, हे कशाला? ते म्हणाले, "तू घाल तर खरं."

चौदा उत्तरं आली. दुलईच्या पहिल्या वेतातल्या एका कुत्रीला वर्षातून एखादी फिट येते, गेली तीन वर्षं. तिची मालकीण शाळेत संगीत शिकवते. तीन वर्षं मला दर महिन्याला पत्र लिहितेय, कुत्री कशी गाते, कशी भिजते, काय खाते. फिटबद्दल अवाक्षर नाही. आता लिहिते, 'तुम्हाला किती वाईट वाटेल म्हणून धीर झाला नाही.'

मी जुनी पत्रं काढली. माझ्या उत्तरांच्या नकला असतात, कार्बन लावून लिहायची खोड खात्यातून आली ती गेली नाही. चांगली बातमी आली की माझं उत्तर तीन-तीन पानी. कौतुक, विनोद, काकांचे किस्से. कुणी कुरकुर केली की चार ओळी, आणि त्या चार ओळींत चूक त्याचीच. टाचणे, स्वच्छ रकाना मी शाईने काढलेला नाही. मी तो माणसांना गप्प बसवून काढलाय. तू, ती संगीतबाई, सगळ्यांनी मला जे आवडतं तेच वाढलं.

उत्तर न आलेल्या दोघांतला एक तो बसचालक. काकांना घेऊन त्याच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, दुसरा मजला. दार त्यानेच उघडलं, मला ओळखलं, आणि आत या म्हणाला. कुत्रा खिडकीखाली झोपला होता, काळाभोर, दुलईसारखीच मान. साडेसहा वर्षांचा आहे. गोळ्यांवर आहे. भिंतीवर खिळ्याला चार वर्षांची कॅलेंडरं एकावर एक टांगलेली. प्रत्येक फिट लाल पेन्सिलीने टिपलेली, वेळ आणि मिनिटं घालून. गोळी दिल्याची दोन टिंबं रोज, सकाळचं एक, संध्याकाळचं एक. ड्यूटी कुठल्याही पाळीची असो, एक टिंब चुकलेलं नाही. मी नकाशाकार आहे, स्वच्छ काम कशाला म्हणतात ते मला कळतं. मी ती कॅलेंडरं उभी राहून पाहिली.

"हे मला का नाही पाठवलंत?" मी विचारलं.

"एकदा पाठवलं होतं की, बाई," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "तुम्ही लिहिलंत, उन्हात ठेवू नका. मी कधी ठेवला नव्हता. मग म्हटलं, पुन्हा कशाला? कुत्रा तर माझाच आहे."

मी त्याची माफी मागितली. त्याने आम्हाला चहा दिला, आणि कुत्रा उठून माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला. कुठल्याही अनोळखी माणसाशी असं न वागणारी जात आहे ही.

आता गणित. त्याचं पत्र आलं तेव्हा दुलईचं दुसरं वेत व्हायचं होतं, त्याच नरापासून. तेव्हा मी ऐकलं असतं तर ते झालंच नसतं. हा वारसा नेमका कसा चालतो हे अजून कुणी छातीठोकपणे सांगत नाही, पण तेवढी शंका पुरेशी होती. म्हणजे तू सात आठवडे गप्प बसलीस, आणि मी चार वर्षं. मी तुला कान धरायला सांगितले होते, ते कुणाचे धरायचे ते आता दिसलं.

दुलईचं घराणं इथे थांबतं. शालचं नसबंदीचं ऑपरेशन पुढल्या आठवड्यात. पिल्लासाठी थांबलेल्या यादीतल्या सगळ्यांना कारणासकट कळवलं. वकीलबाईंनी उत्तर पाठवलं, 'मी थांबायला तयार आहे.'

पण ही जात मोजकीच आहे, आणि नीट काढणारी माणसं त्याहून मोजकी. दूरच्या एका बाईंकडे वेगळ्या रक्ताची एक मादी आहे, दीड वर्षाची. त्यांची वही मी पाहिली. आजारांनी भरलेली आहे, पान पान! म्हणून तर विश्वास बसला. ती मादी तू घ्यावीस. तक्ता नवा काढ, माझा कोरा रकाना नको.

मावशी


५ जून

प्रिय मावशी,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. तू बसचालकाच्या दारात उभी राहिलीस ते सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "सत्तरीत माणूस असं बदलतं का गं?" मी म्हटलं, माझी मावशी बदलते.

पण एक गणित मला करवत नाही. तू तेव्हा ऐकलं असतंस तर मफलर झालीच नसती. हे बरोबर आहे, आणि हे मला मान्य करता येत नाही, दोन्ही एकदम. ती आत्ता माझ्या पायावर झोपलीय. मी पाय हलवत नाहीये.

आणि मादी मी घेऊ शकत नाही. तू शोधतेस ते माणूस खरं बोलणारं हवं. मी शाल आणि पंतोजी एकमेकांसमोर उभे राहायची वेळ आली तोवर गप्प बसले. उद्या माझ्या हातचं पिल्लू आजारी निघालं, सोळा घरांना लिहायची वेळ आली, तर मी पुन्हा आठ दिवस बसून राहणार नाही कशावरून? त्या संगीतबाईंना विचार, दंतवैद्यांना विचार. मी नको.

टाचणी


१० जून

टाचणे,

मी खरं बोलणारीच होते. जन्मभर. त्यामुळेच दुसरा माझ्यापासून काही लपवत असेल हे मला कधी सुचलं नाही.

लपवणं किती सोपं असतं, किती मायेने करता येतं, हे तुला ठाऊक आहे. उद्या एखादं घर 'इथे ठीक' असं दोन शब्दांत लिहील, तेव्हा तुला लगेच कळेल, काहीतरी लपवलंय. मला कळलं नाही. तीस मार्चचं तुझं पत्र मी कौतुकाने काकांना वाचून दाखवलं होतं.

मला वही अशाच माणसाकडे द्यायची आहे. तू कधी चुकणार नाहीस असं मला वाटत नाही. एकदा चुकलीस, तरी वाकड्या अक्षरात का होईना, लिहायला बसलीस, ते मी पाहिलंय.

'मी नको' म्हणणाऱ्या माणसाशी मी नेहमीच जास्त वेळ बोलते. तेव्हा घाई नाही, सावकाश सांग.

राग गेला. कधी गेला ते कळलं नाही.

मावशी


१३ जून

प्रिय मावशी,

आज सकाळी सहा पन्नासला मफलरला फिट आली. स्वयंपाकघरात, दाराजवळ. एक मिनिट वीस सेकंद. गोळी काल संध्याकाळी वेळेवर दिलेली होती. नंतर अकरा मिनिटं भेलकांडत होती, मग पाणी प्यायली, मला ओळखलं. आता झोपलीय.

आधी तुला लिहिलं. चहा अजून घ्यायचा आहे. डॉक्टरांकडे नऊला जाते.

त्या बाईंना सांग, मादी बघायला मी येते. घरात नको म्हणणारं आता कुणी नाही.

टाचणी